भाच्याचा गेमिंग पीसी : काही टिपणं

गेमिंग कम्प्युटरची कुठलीही यादी घ्या, ती प्रोसेसर आणि ग्राफिक कार्डापासून सुरू होते. एसएमपीएस, म्हणजे आतल्या भागांना वीज पुरवणारा डबा, सगळ्यात शेवटी, उरतील त्या पैशांत. भाच्याच्या गावासाठी, शहाद्यासाठी, यादी करायची तर ती उलटी धरावी लागते. आधी भिंतीतला प्लग, मग एसएमपीएस, मग खोलीतला मे महिना, आणि त्यानंतर ग्राफिक कार्ड. भाच्याने वहीत लिहून आणलेल्या यादीत रंगीत लायटिंगचे पंखे होते, यूपीएसचं नाव नव्हतं. ज्यांचे व्हिडिओ बघून त्याने यादी केली ते एसी लावलेल्या खोलीत बसतात आणि त्यांच्याकडे वीज सरळ येते. त्यांचं चुकत नाही. त्यांचं घर शहाद्यात नाही, इतकंच.

*

बजेट ३५,०००. निम्मे माझे, निम्मे ताईचे. यात मॉनिटर, कीबोर्ड, यूपीएस सगळं आलं. ताईच्या सासूबाईंनी ऐकल्या ऐकल्या दोनच गोष्टी काढल्या. एक, “कितला खर्च व्हई?” आणि दुसरी, “पुढला सालले पोऱ्यानी दहावी शे.”

दोन्ही रास्त. नववीतच द्यायचं ठरलं ते दुसऱ्या गोष्टीमुळे. नव्याची नवलाई ओसरायला काही महिने लागतात, ते नववीत गेलेले बरे.

*

मोबाइल हातात असताना वेगळं यंत्र कशाला, हे ताईचं म्हणणं. आमच्या नंदुरबार जिल्ह्यातली बहुतेक पोरं मोबाइलवरच खेळतात. फ्री फायर फेब्रुवारी २०२२ मध्ये बंद झाला तर मॅक्सवर गेली, पबजी गेला तर बीजीएमआयवर. पण मोबाइल उघडता येत नाही. त्यात काय चाललंय ते दिसत नाही, त्यातला एक भाग काढून दुसरा बसवता येत नाही. कम्प्युटरवर माइनक्राफ्ट खेळणारं पोर आज ना उद्या त्यातली फाइल उघडून बघतं, मग मॉड टाकतं, मग ते चालत नाही म्हणून का चालत नाही ते शोधत बसतं. हे शोधणं मला हवं आहे. खेळ हा त्याच्यापर्यंत जायचा सगळ्यात सोपा रस्ता.

अजून एक गोष्ट मनात आहे. शहादा तालुक्यातल्या टेंभली गावात २९ सप्टेंबर २०१० रोजी देशातली पहिली आधार कार्डं दिली गेली. पंतप्रधान मनमोहन सिंग आणि सोनिया गांधी त्यासाठी आले होते. देशाच्या एवढ्या मोठ्या कम्प्युटर कामाची सुरुवात आपल्या तालुक्यात झाली याचा मला अभिमान वाटतो. पण आपल्या लोकांची कम्प्युटरशी भेट बहुतेक वेळा तशीच झाली आहे: यंत्र पलीकडे, आपण अलीकडे. रेशन दुकानात अंगठा ठेवायचा, सेतू केंद्रात रांग लावायची, तो माणूस स्क्रीनकडे बघून सांगेल ते ऐकायचं. भाच्याने स्क्रीनच्या त्या बाजूला बसावं. कॅबिनेटचं झाकण त्याच्या हाताने उघडलेलं असावं.

*

दिवाळीत केलेली पहिली यादी अशी: रायझन ५ ५६००जी, ए५२० मदरबोर्ड, आठ-आठ जीबीच्या दोन रॅम, ५०० जीबी एसएसडी, चांगला ४५० वॅट एसएमपीएस. वेगळं ग्राफिक कार्ड नाही. ५६००जी २०२१ मधला, सहा कोरचा, आणि ग्राफिक त्याच्या पोटातच. कमी पैशांत सुरुवात करणाऱ्याला बरीच वर्षं हाच सल्ला दिला गेला, आणि तो चांगला होता.

त्यात एक गोष्ट सांभाळायची असते. पोटातल्या ग्राफिकला स्वतःची मेमरी नसते, ते रॅममधूनच घेतं. म्हणून १६ जीबीची एक पट्टी घेण्यापेक्षा आठच्या दोन घ्याव्यात. दोन वाटांनी माल येतो आणि खेळात फरक डोळ्यांना दिसतो. दुकानदार “नंतर दुसरी टाकता येईल” म्हणून एकच पट्टी लावून देतात. अशा मशिनमध्ये तसं करू देऊ नये.

*

ती यादी दत्तजयंतीपर्यंत टिकली नाही. रॅमचे भाव दिवाळीच्या आधीपासून चढत होते, डिसेंबरात दुपटीच्याही पुढे गेले. दत्तजयंतीच्या आदल्या दिवशी, ३ डिसेंबर २०२५ ला, मायक्रॉनने जाहीर केलं की क्रुशियल या नावाने साध्या गिऱ्हाइकाला रॅम आणि एसएसडी विकणं ते थांबवणार.

कारण भाच्याला समजावून सांगितलं. जगात रॅमच्या चिप मोठ्या प्रमाणावर बनवणाऱ्या कंपन्या मुख्यतः तीन: सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन. एआयच्या डेटा सेंटरना लागणारी महागडी मेमरी याच कारखान्यांतून निघते, आणि तिच्यात नफा जास्त. कारखाना तोच, माणसं तीच, मग माल तिकडे वळतो. आमच्या यादीतली डीडीआर४ जातीची रॅम तर त्यांना तसंही आवरती घ्यायची होती. तो म्हणाला, “म्हणजे मामा, चॅटजीपीटीमुळे माझी रॅम महागली?” थोडक्यात हो. मिरचीचा भाव ठरवायला नंदुरबारचा शेतकरी एकटा नसतो हे त्याला घरातूनच माहीत आहे, त्यामुळे त्याला हे समजायला अवघड गेलं नाही.

*

रॅम महाग झाल्यावर सुचलं ते असं, की ज्यात रॅम आधीच बसलेली आहे असं यंत्र घ्यावं. म्हणजे ऑफिसमधून निघालेलं.

याला दुसरंही एक निमित्त होतं. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते आणि इंटेलच्या प्रोसेसरची आठवी पिढी किंवा पुढची. त्यामुळे कंपन्यांनी जुनी यंत्रं काढायला घेतली. डेलचे ऑप्टिप्लेक्स, एचपीचे प्रोडेस्क, लेनोवोचे थिंकसेंटर मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला आणि सुरतेला थप्पीने दिसू लागले. यातली चौथी-सहावी पिढी स्वस्तात मिळते आणि विकणारा तीच पुढे करतो. ती घेऊ नये. व्हॅलोरंट खेळायला विंडोज ११ वर टीपीएम चालू असावं लागतं, आणि भाच्याला व्हॅलोरंट हवा आहे. आठव्या पिढीचा आय५-८५०० हा २०१८ चा: सहा कोर, ६५ वॅट, विंडोज ११ च्या अधिकृत यादीत. पन्नासेक हजारांना नवं घेतलेलं ऑफिसचं यंत्र सात वर्षांनी १४,००० ला मिळालं, ८ जीबी रॅम आणि २५६ जीबी एसएसडीसकट.

घेताना उंच कॅबिनेटचं, म्हणजे टॉवरच घ्यायचं. तीच यंत्रं चपट्या अवतारातही येतात, पण त्यात साधं ग्राफिक कार्ड उभं राहत नाही, अर्ध्या उंचीचं शोधावं लागतं आणि ते महाग पडतं.

*

यंत्र सुरतेहून आणलं, ताप्ती लाइनने. खोकं पायांत ठेवून बसलो. नवापूर स्टेशनातून राज्यांची सीमा जाते, बाकाचं एक टोक महाराष्ट्रात आणि दुसरं गुजरातेत. जीएसटी दोन्ही टोकांना १८ टक्केच. बिल मात्र पक्कं घ्यावं, जुन्या वस्तूचंही. सहा महिन्यांची वॉरंटी त्या कागदावरच उभी असते.

*

आता प्लग. यावर जरा जास्त लिहितो, कारण यावर कुणी बोलत नाही.

तीन पिनच्या सॉकेटमधलं वरचं मोठं भोक अर्थिंगचं. ते सगळ्या भिंतींवर दिसतं. त्याच्या मागे तार असतेच असं नाही. ताईकडे मल्टिमीटर लावला. फेज आणि न्यूट्रलमध्ये सव्वादोनशेच्या वर व्होल्ट, ठीक. फेज आणि अर्थमध्ये जवळजवळ तेवढेच यायला हवेत. आले शंभराच्या अलीकडे-पलीकडे, आणि आकडा स्थिर राहीना. म्हणजे भोकामागे काही नाही.

अशा प्लगला कम्प्युटर लावला की कॅबिनेटला हात लावताच झिणझिण्या येतात. खानदेशात किती घरांत आणि किती क्लासेसमध्ये हे रोज होतं आणि “थोडा करंट मारतो, चप्पल घालून बस” एवढ्यावर सोडून दिलं जातं! होतं ते असं. एसएमपीएसच्या तोंडाशी विजेतली खरखर गाळायला दोन छोटे कपॅसिटर असतात, एक फेजकडून आणि एक न्यूट्रलकडून, दोन्ही कॅबिनेटच्या पत्र्याला जोडलेले. अर्थिंग असेल तर तिथली गळती जमिनीत जाते. नसेल तर पत्रा दोघांच्या मध्ये, ११५ व्होल्टच्या आसपास लटकत राहतो. प्रवाह मिलिअँपच्या आत असतो म्हणून माणसाला सहसा झटक्यापलीकडे काही होत नाही. पण चालू यंत्राला एचडीएमआयची केबल लावताना हाच फरक केबलमधून पळतो आणि पोर्ट जाऊ शकतो. लोक कार्डाला दोष देतात.

यावर एक सोपा उपाय सांगणारे भेटतात: अर्थच्या स्क्रूतून न्यूट्रलला तार मारून द्यायची. झिणझिण्या थांबतात. पण एखाद्या दिवशी बाहेर खांबावर न्यूट्रल तुटला की पूर्ण २३० व्होल्ट कॅबिनेटच्या पत्र्यावर उभे राहतात, आणि शेजारी पोर बसलेलं असतं. असं कुणी करत असेल तर हात धरावा.

आम्ही मागच्या अंगणात खड्डा केला, मोरीच्या पाण्याची ओल राहते तिथे. आठ फुटी जीआय पाइप, भोवती कोळसा आणि मीठ. वायरमनने तिथून जाड तार थेट त्या खोलीतल्या बोर्डापर्यंत आणली. नंतर न्यूट्रल आणि अर्थमधला फरक दोन व्होल्टच्या आत आला. १,५०० च्या आसपास खर्च. सगळ्या यंत्रात याहून चांगले खर्चलेले पैसे नाहीत. फ्रिज आणि वॉशिंग मशिनलाही पुढे तीच तार जाईल. उन्हाळ्यात त्या खड्ड्यात बादलीभर पाणी ओतत राहायचं, हे काम ताईच्या सासूबाईंनी आपणहून घेतलं.

*

एसएमपीएसवरचा मोठा आकडा वाचू नये, खालचा बारीक तक्ता वाचावा. त्यात १२ व्होल्टच्या रकान्यात किती अँपिअर लिहिले आहेत ते बघायचं आणि बाराने गुणायचं. गल्लीतल्या स्वस्त डब्यावर ‘४५० वॅट’ असतं आणि १२ व्होल्टला १६ अँपिअर. म्हणजे १९२ वॅट. प्रोसेसर आणि ग्राफिक कार्ड दोघंही १२ व्होल्टवरच जगतात. ऑफिसच्या यंत्रातल्या डब्यावर २६० वॅट लिहिलेलं आहे आणि तो जवळपास तेवढे खरंच देतो.

त्याच्यावर आणखी एक ओळ आहे: १००-२४० व्होल्ट. शहाद्याच्या बाजूला ऊस, केळी, पपई, म्हणजे पाण्याचे पंप आलेच. रब्बीत संध्याकाळी व्होल्टेज पडतं ते सगळ्यांना ठाऊक आहे. ट्यूबलाइट फडफडते, पंखा सुस्तावतो. हा डबा १८० वरही शांत चालतो, त्याला वेगळा स्टॅबिलायझर लागत नाही. दिवाळीच्या यादीत जे मी नवं विकत घेणार होतो ते या जुन्या यंत्रात फुकट आलं.

उणी बाजू लिहून ठेवतो. या यंत्रांच्या एसएमपीएसचे जोड कंपनीचे स्वतःचे असतात. उद्या तो गेला तर बाजारातला साधा सरळ बसणार नाही, अडॉप्टर किंवा तसाच जुना शोधावा लागेल.

*

यूपीएस खेळत राहण्यासाठी नाही, नीट बंद करण्यासाठी. ६०० व्हीएचा म्हणजे साधारण ३६० वॅटचा. वीज गेली की पाच-सात मिनिटं मिळतात; मॅच सोडायची आणि शटडाउन द्यायचं. भाच्याला हे अवघड जातं. एसएसडीवर काही लिहिलं जात असताना वीज तुटली तर विंडोज कधी कधी उठत नाही, हे त्याने क्लासमध्ये एकदा पाहिलं आहे म्हणून ऐकतो.

मृगाच्या आधीच्या वादळात मात्र यूपीएसवर विसंबायचं नाही. गडगडायला लागलं की प्लग उपटायचा, आणि इंटरनेटची तार तांब्याची असेल तर तीही.

*

ग्राफिक कार्ड: जीटीएक्स १६५०, ४ जीबी, जुनं, ७,०००. २०१९ चं कार्ड. ते ७५ वॅटमध्ये चालतं, म्हणजे मदरबोर्डाच्या खाचेतून मिळणारी वीजच त्याला पुरते, वेगळी तार लागत नाही. त्यातही बिनतारेचंच बघून घ्यावं लागतं, काही कंपन्यांनी त्यावर सहा पिनचा जोड दिलेला आहे. २६० वॅटच्या डब्यात हेच बसतं. त्याच भावात आरएक्स ५८० मिळत होतं, जोर जास्त, पण ते एकटं १८५ वॅट मागतं. तो हिशेबच नको.

जीटीएक्स १०५० टीआय आणखी स्वस्त होतं. ते नाकारलं, कारण ऑक्टोबर २०२५ नंतर एनव्हिडियाने त्या पिढीला नव्या खेळांसाठी ड्रायव्हर देणं थांबवलं. १६५० पुढच्या पिढीचं, त्याला अजून मिळतात.

जुनं कार्ड म्हटलं की पहिला प्रश्न क्रिप्टोचलनाच्या मायनिंगचा. इथेरियम १५ सप्टेंबर २०२२ ला दुसऱ्या पद्धतीवर गेलं आणि जगभरचे मायनिंगचे अड्डे बंद झाले. दिवसरात्र तापलेली कार्डं धुऊनपुसून बाजारात आली. १६५० च्या बाबतीत एक दिलासा आहे. इथेरियमच्या मायनिंगला लागणारी फाइल २०२० च्या अखेरीस ४ जीबीच्या पुढे गेली, त्यामुळे ४ जीबीची कार्डं त्या कामातून आधीच बाद झाली होती. सगळ्यात मोठी धामधूम २०२१ ची, ती या कार्डांनी पाहिली नाही.

तरी तपासायचंच. सारंगखेड्याच्या यात्रेत घोडा घेणारा जाणता माणूस झूल बघत नाही. दात बघतो, खूर उचलतो, आणि मग चालवून बघतो. कार्डाचंही तसंच. स्क्रूंचे माथे घासलेले असतील तर कुणीतरी उघडलंय. पंखा बोटाने फिरवून सोडायचा, अडखळला तर नको. मग जीपीयू-झेड नावाचा फुकट प्रोग्राम चालवायचा: कितीतरी वर्षांपूर्वीच्या कार्डावर नव्याचं नाव चढवून विकणारे आहेत, आणि हा प्रोग्राम तसं बनावट कार्ड असेल तर नावाआधी तसा शिक्का दाखवतो. शेवटी अर्धा तास भाराखाली पळवायचं आणि स्क्रीनवर ठिपके येतात का बघत राहायचं. विकणारा एवढा वेळ देत नसेल तर उठून यावं.

*

मे महिना. नंदुरबारला पारा ४२-४४ पर्यंत जातो आणि स्लॅबच्या खोलीत रात्री अकरालाही भिंत गरम लागते. पंख्याने यंत्र खोलीपेक्षा थंड कधीच होत नाही, हे एक वाक्य भाच्याच्या वहीत चौकोनात लिहून घेतलं आहे. डिसेंबरात खोली २४ अंश आणि खेळताना प्रोसेसर ६४. फरक ४० चा. तोच फरक मे मध्ये राहणार. खोली ४० तर प्रोसेसर ८०. आय५-८५०० शंभरापर्यंत जाऊ देतो, म्हणजे जागा आहे. दिवाळीच्या यादीतल्या ५६००जी ची मर्यादा ९५ होती.

सगळ्यात स्वस्त थंडावा सेटिंगमध्ये आहे. मॉनिटर सेकंदाला ६० चित्रंच दाखवतो. कार्ड १४० काढत बसलं तर वरची ८० कुणालाच दिसत नाहीत, फक्त उष्णता होते. खेळात जाऊन ६० वर बांधून टाकायचं. आवाज लगेच उतरतो. भाचा म्हणतो की व्हॅलोरंटमध्ये जास्त चित्रं काढली की माऊसला उत्तर लवकर मिळतं, आणि ते खरं आहे. म्हणून तह असा झाला: होळीपर्यंत मोकळं, होळीनंतर बांधलेलं.

कूलरच्या झोतात कॅबिनेट ठेवायचं नाही. आपल्याकडच्या कोरड्या उन्हाळ्यात कूलर उत्तम चालतो, पण तो हवेबरोबर पाणीही देतो, आणि बोअरच्या पाण्यातले क्षार पंख्याच्या पात्यांवर पांढरे बसतात.

*

धूळ. नंदुरबारला थंडीत शहराबाहेर मिरचीच्या पथारी पसरतात, मैदानंच्या मैदानं लाल. वारा वळला की गावात डोळे चुरचुरतात. त्या दिवसांत उघडलेली कॅबिनेट मी कामावर रोज बघतो. आत तांबूस थर असतो आणि ब्लोअर मारला की शिंका थांबत नाहीत. शहाद्याला मिरची कमी, कापसाचे तंतू जास्त. ते पंख्यात दोरीसारखे गुंतून बसतात आणि पंखा रडायला लागतो.

उपाय: कॅबिनेट जमिनीवर नाही, स्टुलावर. पुढच्या जाळीला डासांच्या जाळीचा तुकडा. महिन्यातून एकदा ब्लोअर, अंगणात, तोंडाला रुमाल बांधून. ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटाने धरायचं. वाऱ्याने तो सुसाट फिरला तर बेअरिंग जातं.

*

जोडणीच्या दिवशी मी स्क्रू ड्रायव्हर हातात घेणार नाही असं आधीच सांगितलं होतं, आणि घेतला नाही. भाच्याने झाकण काढलं. पत्र्याला हात लावून अंगातली स्थिर वीज घालवली. कोरड्या थंडीत हे विसरायचं नाही. रॅमच्या पट्टीची खाच मधोमध नसते, म्हणून ती एकाच बाजूने बसते, हे त्याने दोन-तीनदा उलटसुलट करून स्वतःच शोधलं. नंतर दोन्ही टोकांना टक-टक आवाज. ती दुसरी ८ जीबीची पट्टी जुनीच, २,५०० ला मिळाली, आणि एवढी महाग ८ जीबी मी आयुष्यात घेतली नव्हती.

प्रोसेसरवरची पेस्ट सात वर्षांची, वाळून खडूसारखी झालेली. ती पुसून वाटाण्याएवढी नवी. तेवढ्याने सात-आठ अंश उतरले.

पहिल्यांदा चालू केल्यावर तारीख चुकीची आली आणि एकही वेबसाइट उघडेना. इंटरनेट गेलं असं सगळे म्हणाले. गेला होता मदरबोर्डावरचा सेल, सीआर२०३२, घड्याळाच्या दुकानात तीस-चाळीस रुपयांना मिळतो. घड्याळ मागे गेलं की ब्राउझरला समोरच्या साइटचं प्रमाणपत्र खोटं वाटतं. भाचा सायकलवर जाऊन सेल घेऊन आला, स्वतः बसवला, आणि यूट्यूब उघडलं. त्याचा चेहरा ताईने पाहिला आणि त्या क्षणी खर्चाबद्दलचं बोलणं घरात संपलं.

*

ताईला विजेच्या बिलाची काळजी. प्लगला मीटर लावून पाहिलं: खेळताना मॉनिटरसकट १८० वॅटच्या आसपास. रोज तीन तास धरले तर अर्ध्या युनिटहून थोडं जास्त, महिन्याला सोळा-सतरा युनिट. एरवी ही रक्कम मोठी नाही. पण महावितरणचा पहिला टप्पा १०० युनिटचा आहे आणि ताईचं बिल हिवाळ्यात नव्वदीत असतं. वरच्या युनिटांना पुढच्या टप्प्याचा दर लागतो. तो फरक भाचा खाऊच्या पैशांतून देणार, हे त्यानेच सुचवलं.

*

पैसे लावून खेळायचे खेळ घरात नाहीत, यावर चर्चाही नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने कायदा करून ते बंदच केले, आणि त्याच कायद्याने ई-स्पोर्टला वेगळी मान्यता दिली. खानदेशातल्या तरुण पोरांनी रमीच्या ॲपांत काय काय घालवलं ते मी जवळून पाहिलं आहे. तो कायदा मला फार हवा होता. जीटीए अठरा वर्षांनंतर; त्यावर भाचा नाराज आहे आणि राहील.

त्याला मी ‘राजी’ दाखवला. पुण्यात बनलेला खेळ, नोडिंग हेड्स गेम्सचा, २०२० मध्ये आला. भिंतींवर आपल्याकडचे रंग, दगडी कमानी, दुर्गा, आणि छोटा भाऊ हरवलेली एक मुलगी. १६५० वर तो सुरेख चालतो. खेळ संपल्यावर शेवटी नावं येतात ती त्याने पहिल्यांदा थांबून वाचली. “मामा, हे पुण्यातले लोक आहेत?” दुसऱ्या दिवशी थ्रीडी आकार बनवायचं ब्लेंडर उतरवून घेतलं. ते फुकट आहे, खेळ बनवायचं गोडोही फुकट आहे, आणि दोन्ही या यंत्रावर चालतात. टिकेल की नाही ते बघू. टिकलं नाही तरी खेळ माणसं बनवतात हे त्याला कळलं.

*

हिशेब: यंत्र १४,०००, कार्ड ७,०००, रॅम २,५००, बावीस इंची जुना मॉनिटर ४,५००, यूपीएस ३,०००, अर्थिंग १,५००, कीबोर्ड-माऊस १,०००. एकूण ३३,५००. उरलेल्यांत ब्लोअर घेतला. लायटिंगचे पंखे राहिले.

*

भाच्याचा एक मित्र धडगावकडचा आहे, सातपुड्यातल्या पाड्यावरचा, शहाद्याला वसतिगृहात राहतो. जोडणीच्या दिवशी तो होता आणि सगळ्यांत स्थिर हात त्याचा. घरी सोलरची प्लेट आणि बॅटरी तोच सांभाळतो, त्यामुळे प्लस-मायनस, सैल जोड, तापलेली तार हे त्याला शिकवावं लागत नाही. त्याने विचारलं, “हे बॅटरीवर किती वेळ चालेल?”

कागद घेऊन बसलो. १२ व्होल्ट, १५० अँपिअर-अवरची मोठी बॅटरी म्हणजे १८०० वॅट-तास. तिला पूर्ण रिकामी करायची नसते आणि इन्व्हर्टरही आपला वाटा खातो, म्हणून हाती हजार-बाराशे. १८० वॅटने भागलं तर सहा तास. त्याच्या घरच्या बॅटरीवर मात्र दिवेही चालतात, आणि ती याच्या पावपटही नाही. मग त्यानेच विचारलं की कार्ड काढलं तर? कार्ड नसताना हेच यंत्र लिहिण्या-वाचण्याच्या कामाला ३०-४० वॅटवर बसतं, मॉनिटर वेगळा. आणि ऑफिसमधून निघालेला जुना लॅपटॉप घेतला तर स्क्रीनसकट १५-२० वॅटमध्ये. माइनक्राफ्ट त्यावरही चालतो, चित्र थोडं कमी करून.

पुढच्या सुरतेच्या फेरीत आठव्या पिढीचे लॅपटॉप काय भावाने आहेत ते बघून यायचं आहे. बॅटरी बदलता येते असा हवा, आणि चार्जर साधारण १९ व्होल्टच्या आसपासचा असतो, तेव्हा १२ वरून थेट चालवायला मध्ये छोटा कन्व्हर्टर लागेल. तो कुठला घ्यायचा ते दोघं मिळून शोधतायत.